पिनबॉलची कल्हई: जुन्या मशीनचे कनेक्टर का जळतात आणि ते साफ कसे करायचे

मागच्या हिवाळ्यात आई आमच्याकडे शिकागोजवळच्या घरी राहायला आली होती. एका संध्याकाळी तळघराच्या जिन्यावरूनच तिने हाक मारली, "अरे, खाली काहीतरी जळकट वास येतोय बघ." खाली माझं जुनं पिनबॉल मशीन चालू होतं. वास मंद होता, गिझरचा प्लग तापल्यावर येतो तसा. खेळाच्या फळीवरचे उजवीकडचे दिवे ठीक होते, पण डावीकडचे पिवळट, मलूल झाले होते. मागच्या उभ्या खोक्याची काच काढली, आतल्या बोर्डावरच्या एका पांढऱ्या प्लगला बोटाने किंचित बाजूला रेटलं आणि सगळे दिवे लख्ख झाले. बोट काढलं की पुन्हा मलूल.

चालू मशीनमध्ये मी असा हात घालायला नको होता, त्याबद्दल पुढे सांगतोच. मशीन बंद करून तो प्लग उपसला. नऊ घरांचा प्लग. सात घरं दुधासारखी पांढरी आणि शेजारशेजारची दोन कॉफीच्या रंगाची. बोर्डावरच्या पिनांमधल्या त्याच दोन काळ्या पडलेल्या. प्लास्टिक नखाने दाबलं तर बिस्किटासारखं तुटलं.

जुन्या पिनबॉल मशीनचे बहुतेक आजार अशा ठिकाणी सुरू होतात. चिप जळाली, ट्रान्सफॉर्मर गेला, कॉइल (चुंबक होऊन दांडा खेचणारं तारेचं वेटोळं) गेली, असं आपल्याला वाटत असतं. प्रत्यक्षात दोन धातू एकमेकांना टेकतात ती टाचणीच्या टोकाएवढी जागा बिघडलेली असते. आणि ती जागा नुसती पुसून भागत नाही. "कनेक्टर (म्हणजे प्लग आणि पिनांची ही जोडी) साफ करा" हा सल्ला सगळे देतात, मीही देतो, पण त्यात साफ करण्याचं काम अर्धंच असतं. उरलेलं अर्धं का आणि कसं, ते सांगण्यासाठी हा लेख.

आपल्याकडे बहुतेकांनी पिनबॉल पाहिलं ते विंडोज एक्सपीच्या कॉम्प्युटरवर, जांभळट आकाश आणि यान असलेल्या त्या खेळात. खरं यंत्र मात्र शिकागोचं. डेव्हिड गॉटलिबच्या कंपनीने १९३१ साली 'बॅफल बॉल' काढलं. टेबलावर ठेवायचं छोटं खोकं, त्यात वीजही नव्हती. १९४७ मध्ये त्याच कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी'त हॅरी मॅब्झने पहिल्यांदा फ्लिपर, म्हणजे बटण दाबलं की फटका मारणाऱ्या छोट्या पात्या, बसवले आणि चेंडू परत वर मारता येऊ लागला. न्यूयॉर्क शहराने १९४२ पासून पिनबॉलला जुगार ठरवून बंदी घातली होती. ती उठली १९७६ मध्ये, रॉजर शार्प या तरुण लेखकाने नगर परिषदेच्या समितीपुढे, चेंडू कुठून जाणार ते आधी सांगून, खेळून दाखवल्यावर. गॉटलिब, बॅली, विल्यम्स, स्टर्न हे सगळे शिकागोतलेच कारखाने.

आपल्या विषयासाठी महत्त्वाचं वळण १९७७च्या सुमाराचं आहे. त्याआधीची यंत्रं विद्युत-यांत्रिक होती: रिले (विजेने उघडझाप होणारे स्विच), फिरती चाकं, मोटर, आणि गुणांसाठी आकड्यांची गोल रिळं. त्यानंतर सर्किट बोर्ड आले. रिलेचं यंत्र तसं दणकट असतं. पन्नासेक व्होल्टच्या कॉइलकडे जाताना वाटेत एखादा व्होल्ट गळाला तरी कॉइल खेचतेच. मात्र ज्या प्रोसेसरला ५ व्होल्ट लागतात, त्याला वाटेत अर्धा व्होल्ट कमी मिळाला तर तो गोंधळतो. म्हणजे मळ तोच, पण नव्या यंत्रात तो जिवावर बेततो.

बॅलीच्या १९८०च्या आसपासच्या मशीनमध्ये एकाच खोक्यात किती प्रकारची वीज फिरते बघा. बोर्डांसाठी ५ व्होल्ट, दिव्यांसाठी साधारण ६, फ्लिपर आणि बंपरच्या (चेंडू आदळला की त्याला उडवणारे गोल खांब) कॉइलसाठी ४३, आणि गुण दाखवणाऱ्या नारिंगी आकड्यांसाठी तब्बल १९०. ही वीज ट्रान्सफॉर्मरपासून निघते, रेक्टिफायर बोर्डावर (एसीची डीसी करणाऱ्या) जाते, तिथून तारांच्या जुडग्यातून दुसऱ्या बोर्डावर, तिथून तिसऱ्यावर, मग खाली फळीपर्यंत. प्रत्येक टप्प्यावर एक प्लग आत शिरतो, एक बाहेर पडतो. एखाद्या दिव्यापर्यंत पोचताना वीज चार-पाच ठिकाणी "टेकलेल्या" धातूतून जाते, आणि परत येताना पुन्हा तितक्याच.

टेकणं म्हणजे काय

बोर्डावर पितळेच्या चौकोनी पिनांची रांग उभी असते. प्लगच्या आत, प्रत्येक तारेच्या टोकाला, पत्र्याची एक छोटी स्प्रिंगची जीभ असते. तिला टर्मिनल म्हणतात. प्लग ढकलला की ही जीभ पिनेवर दाबून बसते. डोळ्यांना वाटतं, दोन सपाट पृष्ठं एकमेकांना पूर्ण चिकटली. भिंगाखाली पाहिलं तर दोन्हीकडे डोंगरदऱ्या असतात आणि फक्त काही शिखरं एकमेकांना भिडलेली असतात. सगळी वीज त्या शिखरांतून जाते. स्प्रिंगचा दाब जास्त तर शिखरं चेपून जागा वाढते. दाब कमी झाला की जागा आक्रसते.

हे मी आईला समजावत होतो, तेव्हा ती पिनेकडे भिंगातून बघत म्हणाली, "ही तर कल्हई आहे रे." अगदी बरोबर. पितळेवर कथिलाचा पातळ मुलामा म्हणजे कल्हईच. पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं की कळकतं, म्हणून आपण आत कथिलाचा थर देतो. इथेही तेच कारण: उघड्या पितळेवर हवेने थर चढतो आणि तो वीज नीट जाऊ देत नाही. कथिलावरही थर चढतो, पण तो पातळ आणि ठिसूळ असतो. प्लग ढकलताना घासला की तुटतो आणि खाली ताजं कथील उघडं पडतं. म्हणून कितीतरी वेळा प्लग नुसता काढून परत बसवला तरी मशीन चालू लागतं, आणि लोकांना वाटतं, झालं दुरुस्त. पण प्रत्येक वेळी थोडी कल्हई खरवडली जाते. असे कनेक्टर साधारण २५ वेळा काढघाल करण्याच्या हिशेबाने बनवलेले असतात. चाळीस-पंचेचाळीस वर्षं जुन्या मशीनमध्ये ते किती हातांखालून गेले असतील, याचा विचार करा.

त्यात पिनबॉल हे थरथरणारं यंत्र. फ्लिपर आपटतो, बंपर ठोके मारतात, खेळणारा बाजूने धक्के देतो. प्रत्येक ठोक्याला पिन आणि टर्मिनल एकमेकांवर केसाच्या जाडीपेक्षाही कमी सरकतात. सरकलं की कथील उघडं पडतं, लगेच हवेने थर चढतो, पुन्हा सरकतं, थराची पूड होते आणि ती पूड तिथेच साचते. हळूहळू टेकण्याच्या जागी काळी भुकटी जमते. बाहेरून प्लग स्वच्छ दिसतो, आत मात्र शिखरं भुकटीवर टेकलेली असतात.

आता जळण्याकडे येऊ. फळीवर नुसत्या उजेडासाठी जे दिवे सतत चालू असतात, तिथे हा त्रास सगळ्यात जास्त दिसतो. जुन्या मशीनमधला ४४ नंबरचा बल्ब ६.३ व्होल्टवर पाव अँपिअर खातो. असे ४० बल्ब धरले तर १० अँपिअर झाले. ते दोन पिनांत वाटले तर प्रत्येकीवर ५. त्या मोठ्या पिनेची क्षमता साधारण ७ अँपिअरची, म्हणजे नवीन असताना काम निभावतं. चांगल्या सांध्याचा रोध ०.०१ ओहम धरा. उष्णता काढायची तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध: २५ गुणिले ०.०१, म्हणजे पाव वॉट. हाताला जाणवणारही नाही. तोच रोध भुकटीमुळे ०.१ ओहम झाला की अडीच वॉट. अडीच वॉट ऐकायला किरकोळ वाटतात, पण ते तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या बंद घरात, तासन्‌तास निघत असतात. त्या उष्णतेने टर्मिनलची स्प्रिंग मऊ पडते, दाब कमी होतो, रोध वाढतो, आणखी उष्णता निघते. दोनपैकी एका पिनेने हात टेकले की सगळे १० अँपिअर दुसरीवर येतात, आणि ती ७ची असते. माझ्या प्लगातली दोन्ही घरं शेजारशेजारी कॉफीच्या रंगाची झाली होती, ती याच क्रमाने.

घरात गिझरच्या तीन पिनांच्या प्लगचं हेच होतं. सॉकेट जरा ढिलं झालं की एक पिन काळी पडते, भोक पिवळं होतं, आणि आपण पिन पॉलिश पेपरने घासून पुन्हा त्याच ढिल्या सॉकेटात खुपसतो. महिन्याभरात पुन्हा काळी. कारण पिन मळली म्हणून सॉकेट ढिलं झालं नव्हतं. सॉकेट ढिलं झालं म्हणून पिन जळली होती.

हात घालण्याआधी

मशीन बंद करा आणि भिंतीतला प्लग काढून तो तुम्हाला दिसेल असा समोर ठेवा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही; ट्रान्सफॉर्मरकडे जाणाऱ्या काही तारा बटणानंतरही जिवंत असू शकतात. मग काही मिनिटं थांबा. मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते, आणि आकड्यांच्या बाजूचे १९० व्होल्ट हाताला चांगला झटका देऊ शकतात. मल्टिमीटरने मोजून शून्याजवळ आलेत याची खात्री करा, मगच बोर्डाला हात लावा. त्या संध्याकाळी मी ज्या प्लगला बोट लावलं, तिथे सहाच व्होल्ट होते. पण त्याच खोक्यात वीतभर अंतरावर आकड्यांचा बोर्ड होता.

दुसरी गोष्ट फोटोंची. प्रत्येक बोर्डाचा, प्रत्येक प्लगचा, तारांचे रंग दिसतील असा फोटो काढा आणि प्लगवर कागदी चिकटपट्टी लावून नंबर लिहा. कारखान्याने चुकीचा प्लग बसू नये म्हणून एक युक्ती केलेली असते: रांगेतली एक पिन छाटलेली आणि प्लगच्या त्याच घरात एक बूच. पण चार दशकांत कुणीतरी बूच काढलेलं असतं, कुणीतरी पिनांची रांग बदलताना नको ती पिन तशीच ठेवलेली असते. कॉइलचे ४३ व्होल्ट एकदा चुकून ५ व्होल्टच्या वाटेवर गेले की बोर्डावरच्या चिप एका क्षणात जातात. पाच मिनिटांचे फोटो त्यापुढे काहीच नाहीत.

मळलेला, कळकलेला आणि जळालेला

प्लग काढल्यावर तो या तिन्हींपैकी कशात मोडतो ते आधी ठरवा. तिघांवरचे उपाय वेगळे आहेत, आणि बहुतेक नुकसान एकाचा उपाय दुसऱ्यावर केल्याने होतं.

मळलेला प्लग म्हणजे पांढरं शाबूत प्लास्टिक, पिना करड्या पण चमक टिकून, थोडी धूळ, थोडा सिगारेटचा चिकट थर. बारमध्ये वर्षं काढलेल्या मशीनमध्ये हा थर हमखास सापडतो. इथे खरोखर साफ करून काम भागतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो ९९ टक्क्यांचं, मऊ ब्रशने पिनांवर लावायचं, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसायचं, वाळू द्यायचं. किंवा इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्टसाठी मिळणारा क्लीनर थोडा फवारून प्लग दोन-तीनदाच काढघाल करायचा, दहा वेळा नाही. कल्हईचा हिशेब आठवा. बिजागरीची करकर थांबवायला किंवा गंज सोडवायला घरी जो तेलकट स्प्रे असतो, तो मशीनमध्ये अजिबात नको. तो पेट घेणारा असतो, आणि या खोक्यात स्विच व कॉइलजवळ ठिणग्या पडतात. शिवाय तो धुळीला धरून ठेवतो.

पॉलिश पेपरबद्दल माझं मत ठाम आहे: मुलामा दिलेल्या पिनांवर तो वापरू नका. घासल्यावर पिन सोन्यासारखी पिवळी चमकते आणि फार समाधान वाटतं. पण ती पिवळी चमक म्हणजे उघडं पडलेलं पितळ. कल्हई गेली. आठ-पंधरा दिवस मशीन छान चालेल, मग आधीपेक्षा वाईट होईल. चिंच किंवा लिंबू लावून पितळ उजळायची सवयही इथे उपयोगाची नाही. आंबट पदार्थ फटीत राहिला तर तोच पुढे धातू खातो.

याला एक अपवाद आहे, जुन्या रिलेच्या मशीनमधले मोठे जोन्स प्लग. त्यांच्या पात्या रुंद, जाड आणि काळ्या पडलेल्या असतात. त्या अगदी बारीक, ६०० नंबरच्या पेपरने हलक्या हाताने घासल्या तरी चालतात, कारण तिथे धातूही भरपूर आणि टेकण्याची जागाही मोठी. पण इलेक्ट्रॉनिक मशीनमधल्या पातीच्या स्विचवर तोच पेपर फिरवू नका. तिथे बहुतेक स्विचच्या बिंदूंवर सोन्याचा मुलामा असतो. त्यांच्यासाठी व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा अल्कोहोलमध्ये भिजवून दोन बिंदूंमध्ये धरायचा, स्विच हलकेच मिटायचा आणि कार्ड ओढून घ्यायचं. कार्डावर काळी रेघ उमटते. रेघ यायची थांबली की काम झालं.

कळकलेला प्लग बॅटरीमुळे तयार होतो. सगळ्यात मोठे गुण लक्षात राहावेत म्हणून प्रोसेसर बोर्डावर बॅटरी असते. बॅलीच्या त्या काळातल्या बोर्डांवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी थेट सोल्डर केलेली होती. टीव्हीच्या रिमोटमधले सेल फुटले की जी पांढरी-हिरवी पूड दिसते, तीच इथे बोर्डावर पसरते आणि सगळ्यात आधी जवळच्या कनेक्टरच्या पिनांवर चढते. बॅटरीतला द्रव पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे अल्क असतो. अल्काला आम्ल मारतं. म्हणून आंबट नको म्हटलं तरी इथे, आणि फक्त इथेच, व्हिनेगर लागतं: निम्मं पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी. बोर्ड मशीनमधून पूर्ण बाहेर काढून, सॉकेटमधल्या चिप उतरवून, खराब भागावर जुन्या टूथब्रशने लावा. हलका फेस येईल. फेस थांबला की साध्या पाण्याने व्हिनेगर पूर्ण धुवा, मग अल्कोहोलने पाणी ओढून घ्या आणि दिवसभर वाळू द्या.

पण प्लगमधल्या टर्मिनलवर हिरवटपणा असेल तर ते टर्मिनल धुऊन वाचत नाही. बॅटरीचा द्रव वातीतून तेल चढतं तसा तारेच्या आवरणाखालून चढत जातो. तार सोलून बघा. तांबं काळं असेल तर अजून एक बोटभर कापा, पुन्हा सोला. तांबडं चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे जा. काळ्या तारेला सोल्डर धरतच नाही. आणि जुनी बॅटरी अजून फुटली नसेल तर ती आजच कापून बाजूला काढा. नवी बॅटरी तारांनी जोडून बोर्डापासून दूर, खाली ठेवता येते.

जळालेला प्लग ओळखायला सांगावं लागत नाही. प्लास्टिक तपकिरी, पिन काळी. इथे साफसफाईचा उपयोग नाही. कितीही घासा, उष्णतेने मेलेली स्प्रिंग परत जिवंत होत नाही. तो बदलावा लागतो, आणि दोन्ही बाजूंनी: प्लगमधलं टर्मिनलही आणि बोर्डावरची पिनही. नवं टर्मिनल जुन्या काळ्या पिनेवर बसवलं तर काळ्या पिनेचा रोध नव्या स्प्रिंगला तापवतो. नव्या पिनेवर जुनं ढिलं टर्मिनल बसवलं तरी तेच. पैसे वाचवायला एकच बाजू बदलणारे पुष्कळ असतात, आणि त्यांना वर्षभरात तेच काम पुन्हा करावं लागतं.

पिनेच्या बुडाशी

बदलण्याआधी बोर्ड उलटा करून बघा. पिना जिथे सोल्डरने बोर्डात बसलेल्या असतात, तिथे चांगल्या उजेडात भिंग धरलं की कधी कधी पिनेभोवती केसासारखं बारीक काळं कडं दिसतं. ती सोल्डरला गेलेली भेग. काढघाल आणि थरथर यांमुळे पिन वर्षानुवर्षं हलत राहते आणि सोल्डर तिच्यापासून सुटतं. वरून कितीही साफ केलं तरी सांधा बुडातच तुटलेला असतो. प्लग दाबला की दिवे लागतात, सोडला की जातात, हे लक्षण ढिल्या टर्मिनलचं जितकं, तितकंच या भेगेचं.

उपाय सोपा आहे: जुनं सोल्डर शोषून काढा आणि नवं घाला. नुसतं वरून आणखी सोल्डर लावू नका, जुन्या मळकट सोल्डरवर नवं नीट धरत नाही. कल्हईवाला भांडं तापवून त्यावर नवसागर टाकतो, धूर निघतो, आणि मग कथील एका फटक्यात पसरतं. धातूवरचा थर गेल्याशिवाय कथील धरत नाही, हे त्यामागचं रसायन. इथेही तेच हवं, पण नवसागर नको; तो मागे राहून तांबं खातो. इलेक्ट्रॉनिक्सच्या सोल्डरमध्ये त्यासाठी राळ भरलेली असते, आणि वरून राळेचाच फ्लक्स लावायचा.

टर्मिनल बदलताना खरी कसोटी चिमट्याची असते. साध्या पकडीने दाबलेलं टर्मिनल टिकत नाही. त्यासाठी मिळणारा क्रिम्पिंगचा चिमटा घ्या. टर्मिनलच्या मागे पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी उघड्या तांब्यावर मिटते, मागची तारेच्या आवरणावर. तार तीन-चार मिलिमीटरच सोलायची. पुढचे पंख आत वळून तांब्यात रुतले पाहिजेत, मागच्यांनी आवरणाला मिठी मारायची, म्हणजे तार हलली तरी ओढ तांब्यावर येत नाही. मग तार ओढून बघायची. सुटली तर ते टर्मिनल टाकून द्यायचं. पक्कं व्हावं म्हणून त्यावर सोल्डर ओतायचा मोह होतो. तो टाळा. सोल्डर तारेत वर चढतं, तार तिथे काडीसारखी ताठ होते आणि नेमकी त्याच कडेवर तुटते. टर्मिनल घरात सरकवलं की त्याची मागची जीभ अडकल्याचा "टच्" असा बारीक आवाज येतो. तो आला नाही तर प्लग बसवताना टर्मिनल मागे सरकून बाहेर येईल.

जास्त प्रवाहाच्या जागी पिनेला एकाऐवजी तीन बाजूंनी पकडणारी टर्मिनलं मिळतात, तीच घ्या. बल्बही बदला. ४७ नंबरचा बल्ब त्याच व्होल्टवर ०.१५ अँपिअर घेतो, म्हणजे ४० बल्बांचे १० अँपिअर ६ वर येतात आणि उष्णता वर्गाने कमी होते. एलईडी लावले तर अजूनच कमी. मला स्वतःला जुन्या चित्रांवर तंतूच्या बल्बचा उबदार उजेडच आवडतो, म्हणून मी ४७वर थांबलो.

प्रत्येक कारखान्याच्या मशीनची दुखरी जागा वेगळी. गॉटलिबने १९७७ पासूनच्या आणि १९८०च्या दशकातल्या बोर्डांना पिना न लावता बोर्डाची कडच प्लगात खुपसायची पद्धत ठेवली. त्या कडेवरच्या पट्ट्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसून अल्कोहोल लावायचं. पण तिथे मोठा धोका ग्राउंडचा, म्हणजे विजेच्या परतीच्या सामाईक वाटेचा आहे: बोर्डांची ग्राउंडही याच सांध्यांतून जाते, आणि ती तुटली की ट्रान्झिस्टर भलत्याच वेळी चालू होऊन कॉइल जळेपर्यंत खेचून धरू शकतात. म्हणून जाणकार मंडळी बोर्डांच्या ग्राउंडमध्ये थेट जाड तारा टाकतात, आणि ते काम मी सगळ्यात आधी करेन. विल्यम्सच्या १९७७ ते १९८४ या काळातल्या मशीनमध्ये प्रोसेसरचा बोर्ड आणि ड्रायव्हर बोर्ड (कॉइल आणि दिवे चालवणारा) ४० पिनांच्या एका लांब कनेक्टरने थेट जोडलेले असतात. त्यातली एक पिन जरी डळमळली तरी मशीन रोज वेगळं वागतं. तिथेही दोन्ही बाजू नव्या बसवणं हाच मार्ग.

मोजून बघणं

साफ केलेला कनेक्टर खरंच सुधारला का, हे मल्टिमीटरच्या ओहमवर कळत नाही. मीटर अगदी थोडा प्रवाह सोडून रोध मोजतो, आणि तेवढ्या प्रवाहाला मळलेला सांधाही चांगला वाटतो. भरधाव गाडीला पूल पेलेल का, हे त्यावरून एक माणूस चालवून ठरवण्यासारखं ते आहे. त्याऐवजी मशीन चालू ठेवून, दिवे लागलेले असताना, मीटर व्होल्टवर ठेवा. दिव्यांची वीज एसी असेल तर एसी व्होल्टवर. एक टोक बोर्डामागे पिनेच्या सोल्डरवर, दुसरं प्लगच्या मागून त्याच तारेच्या टर्मिनलवर. म्हणजे सांध्याच्या दोन्ही बाजूंना. चांगल्या सांध्यात व्होल्टचा काही शतांश भागच गळतो. अर्धा व्होल्ट गळत असेल तर तो सांधा तापतोच आहे. हे चालू मशीनवरचं काम आहे, म्हणून टोकं बारीक, एक हात खिशात, आणि आकड्यांच्या बोर्डापासून लांब.

बॅलीच्या त्या काळच्या बोर्डांवर तर यंत्र स्वतःच सांगतं. मशीन चालू केलं की प्रोसेसर बोर्डावरचा छोटा लाल दिवा आधी किंचित फडफडतो आणि मग सात वेळा लुकलुकतो. प्रत्येक लुकलुक म्हणजे एक चाचणी पास: रॉम, रॅम, पुढच्या चिप. सातवी तेव्हाच येते, जेव्हा कॉइलचे ४३ व्होल्ट बोर्डापर्यंत पोचलेले असतात. सहा वेळा लुकलुकून दिवा थांबला तर चिप विकत आणायला धावू नका. बोर्ड बहुधा ठीक आहे. ४३ व्होल्ट वाटेत कुठेतरी अडले आहेत. फ्यूज बघा, मग कनेक्टर. विल्यम्सच्या १९९०च्या दशकातल्या मशीनमध्ये लक्षण वेगळं दिसतं: दोन्ही फ्लिपर एकदम दाबले की मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होतं. ५ व्होल्टची वाट कुठेतरी अशक्त झालेली असते. फ्लिपरच्या ओढीने ते आणखी खाली येऊन ४.६च्या आसपास गेले की बोर्डावरची राखण करणारी चिप सगळं पुन्हा सुरू करते. कारण कधी रेक्टिफायर असतो, कधी कपॅसिटर, आणि बऱ्याचदा पॉवर बोर्डावरचा प्लग.

माझ्या त्या कॉफीच्या रंगाच्या प्लगवर जुन्या स्थितीत मोजलं तेव्हा ०.९ व्होल्ट गळत होते. दोन शनिवार लागले. बोर्डावरची पिनांची पूर्ण रांग काढली, नवी लावली, बुचाच्या जागची पिन छाटली, आठही टर्मिनलं नवी दाबली. पुन्हा मोजलं, ०.०४. आई खुर्ची ओढून शेजारी बसली होती. तिने फळीकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "डावीकडचे छान झाले. पण मग उजवीकडचे आता मंद का वाटतायत?"

मीटर उजवीकडच्या प्लगला लावला. ०.३. मशीन बंद केलं, भिंतीतला प्लग काढला, थांबलो, आणि तो कनेक्टर उपसला. एका घराची कड नुकती पिवळी पडायला लागली होती.